झाकणाची आतली बाजू

हसायचं तर खुशाल हसा. पण हे घडलंय, आणि माझ्यासमोर घडलंय. खोटं सांगून मला काय मिळणार?

२०१९ चा नोव्हेंबर, मंगळवार. नेदरलँड्समधल्या फ्लेवोलँडमधली आमची शेड.

इथं पूर्वी समुद्र होता, आता बटाट्याची शेतं आहेत. नांगराला अधूनमधून बुडालेलं जहाज लागतं. मग आम्ही त्याच्या फळ्या सोडवतो, पाण्याच्या टाकीत ठेवतो आणि एकेक फळी संगणकात उतरवतो.

ते काम माझं. यंत्राच्या हाताला टोक असतं. ते कडांवरून, खिळ्यांवरून फिरवायचं. टोक टेकेल तिथंच पडद्यावर रेघ उमटते. खिळे लाल, कुऱ्हाडीच्या खुणा हिरव्या. फळ्या जुळवल्या की अख्खं जहाज उभं राहतं.

पूर्वी आम्ही दोघी होतो. दुसरी सोडून गेली, तिची जागा भरलीच नाही. दिवसभर शेडमध्ये मी एकटी, आणि टाकीतलं टप टप. घरीही वाट बघणारं कोणी नाही. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

हे जहाज मालवाहू होतं. अशा जहाजांवर मालकाची बायकापोरं मागच्या खोलीतच राहायची.

दुपारी साडेतीनला त्या खोलीच्या फळ्या जुळवल्या... आणि पडद्यावर राखाडी रेघा दिसल्या.

राखाडी रंग आम्ही वापरतच नाही.

हाताचे पंजे होते. चार-पाच वर्षांच्या पोराचे.

सगळे आतल्या बाजूला.

फळ्या टाकीतून काढून पाहिल्या. लाकूड कोरं.

खालच्या फळीवर दोन पंजे. वरच्या फळीवर चार. त्याच्या वर आणखी... पाणी चढलं तसे तेही चढत गेलेले. शेवटचे, खोलीच्या छतातल्या झाकणाला आतून. एकावर एक.

मी सिट्सेला, आमच्या साहेबाला, बोलावलं.

"अगं बाउक्ये, फळी उलटी ठेवली असशील. आतबाहेर झालं की काय वाट्टेल ते दिसतं."

"अकरा वर्षांत एकदाही ठेवलेली नाही. सिट्से, जहाज निघालं त्या शेतातला, खोलीखालचा गाळ चाळू या. लेकरू आहे रे तिथं."



"एकटी राहून राहून तुला भास व्हायला लागलेत. शुक्रवारी फळ्या परत ओल्या मातीत पुरायच्यात, नाहीतर वाळून फुटतील. त्या रेघा पूस आणि फाईल दे. नाहीतर जानेवारीत तुझा करार वाढवा असं मी कोणत्या तोंडानं सांगू?"

लाज वाटते सांगायला, पण पुसल्या मी. एकेक पंजा.

शेवटचा पुसला... आणि टाकीतलं टप टप थांबलं.

शुक्रवारी ट्रक आला. फळ्या गेल्या. त्या शेतात पुढं कांदे लावले. माझा करार वाढला.

मागच्या हिवाळ्यात सहज ती फाईल उघडली. खोली रिकामी. आत एकही राखाडी रेघ नाही.

मग जहाज फिरवून वरून पाहिलं...

झाकणावर एक पंजा होता. बाहेरच्या बाजूनं. दाबून धरल्यासारखा.

मोठ्या माणसाचा.

पडद्यावर मोजला. एकशे बहात्तर मिलिमीटर.

मग पट्टी काढली आणि माझा हात मोजला. तेवढाच.

ती रेघ अजून तिथंच आहे. मला पुसवत नाही.