मुद्दाम हरणारी मुलगी

जिला अजून डावी-उजवी चप्पल कळत नव्हती, तिची अक्कल किती हे तुम्ही ठरवून टाकलंत. तिला न विचारता, तिच्या आईला न विचारता, एका चटईला विचारून. वर म्हणालात, परीक्षा कुठे घेतली, खेळच तर होता.

खेळच होता, हे खरं. गडहिंग्लजच्या मिरचीबाजारामागच्या अंगणवाडीत तो आला तेव्हा पोरं हरखून गेली. आकडेपट त्याचं नाव. खोलीभर पसरणारी जाड, मऊ चटई आणि तिच्या पोटात बारीक तारांचं स्पर्शजाळं. पाऊल कुठे पडलं, पडण्याआधी किती अडखळलं, सगळं तिला कळायचं. चटईवर कमळाची पानं उजळायची. पोरांनी ती नजरेनं मोजायची आणि तेवढ्या आकड्यावर बेडकासारखी उडी मारायची. बरोबर आला तो एक घर पुढे. फेरी संपली की सगळ्यांत मागचा काठावर. ना पाटी, ना छडी, ना घोकंपट्टी. शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं पानं बघताक्षणी आकडा सांगू लागली. सेविका सुनंदा मगदूम यांनी एवढ्या नोकरीत असं काही पाहिलं नव्हतं. खेळ चांगलाच होता. त्याला न्यायाधीश केलं ते तुम्ही, वरच्या कचेरीत बसून.

कारण चटई प्रत्येक मुलाची 'अंकजाण', म्हणजे संख्येची उपजत समज, नोंदवत होती. पहिलीत जाताना त्यावरून दोन वाटा फुटायच्या. एक 'झेप' वर्ग, दुसरा 'पायाभरणी' वर्ग. पायाभरणीतल्या मुलाला पुढे कायम सोपंच दाखवायचं, त्याच्यावर ताण नको म्हणून. त्या वर्गातून वर आलेलं मूल अजून कोणी पाहिलेलं नव्हतं.

श्रावस्ती कांबळेच्या नावापुढे आलं, पायाभरणी.

तिची आई करुणा मिरच्यांचे देठ खुडायच्या कामावरून तशीच धावत आली. हातांची आग होत होती, म्हणून ते तिने अंगापासून लांब धरले होते.

"बाई, भाकऱ्या किती थापायच्या ते ही पोरगी सांगती मला. कोण किती खाणार, कोण उपाशी ऱ्हाणार, सगळं धरून. आन तुमची चटई तिला मंद म्हणती?"

"मला का कळत नाही, करुणा?" सुनंदाबाई म्हणाल्या. "पण त्या निकालाला माझा हात लागत नाही. फेरतपासणीला साहेब यायचेत. त्यांना तरी बघू दे."

मूल्यांकन अधिकारी निंबाळकर आले. तरुण होते, बोलायला मऊ. फेरतपासणीआधी सरावाचा एक डाव लावून ते भिंतीला टेकून बघू लागले. श्रावस्तीच्या शेजारी तिची मामेबहीण पिहू होती. सगळ्यांत लहान, जीभ अजून बोबडी. पाच पानं उजळली. पिहू भलतीकडेच उडाली. श्रावस्तीने पानांकडे पाहिलं, पिहूकडे पाहिलं, आणि स्वतःही चुकीच्या आकड्यावर उडी मारली. फेरी संपली तेव्हा ती पिहूच्या नेमकं एक घर मागे होती. चटईने सांगायच्या आतच ती उठून काठावर जाऊन बसली.

साहेब तिच्यापुढे उकिडवे बसले. "शेवटची पानं किती होती गं?"

"पाच."

"मग सातवर का गेलीस?"

"पिहू आऊट झाली असती की."

"झाली असती तर झाली असती."

या माणसाला लहानपणी कुणी खेळायला घेतलंच नसावं, अशा नजरेने श्रावस्तीने त्यांच्याकडे पाहिलं. "ती कच्चा लिंबू हाय. कच्चा लिंबू आऊट होत न्हाई."

"चटईला ते ठावंच न्हाई," पलीकडून एक पोरगी ओरडली. "येडी हाय ती!" सगळी पोरं खिदळली.

साहेब मात्र हसले नाहीत, भिंतीशी उभ्या करुणाला ते समजावू लागले. दर फेरीत नेमकं एक घर मागे राहायचं तर खरं उत्तर आधी यायला हवं. पिहूची घरं ध्यानात ठेवायला हवीत, आपल्या चुका बेतून करायला हव्यात. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला हे जमत नव्हतं. चटईला त्यातली फक्त चूक दिसत होती.

"मग लिवा की तसं," करुणा म्हणाली.

"ताई, निकालात माणसाने हात घालायचा नाही, असा नियमच आहे. वशिला चालू नये म्हणून."

"वशिला? आमचा?" करुणा हसली. ते हसू बघवत नव्हतं.

"मग पिहूला बाहेर घेते," सुनंदाबाई म्हणाल्या.

"गटही बदलता येत नाही, बाई. चटई त्याच पोरांत पुन्हा तपासते. तिने खरं खेळावं, एवढंच आपल्या हातात आहे."

करुणाने पोरीला दारापाशी नेलं. "श्रावू, आज हरायचं न्हाई."

"आन पिहू?"

"पिहूचं मी बघते."

"तू कशी बघशील? तू कुठं चटईवर हाईस?"

पोरीचा चेहरा कुरवाळायला करुणाने हात उचलले, आणि तिखटाची आठवण होऊन तसेच मागे घेतले. "आई सांगती म्हणून," ती एवढंच म्हणाली.

श्रावस्ती खेळली. पाऊल एकदाही अडखळलं नाही. पानं पुरती उजळायच्या आत ती आकड्यावर असायची. पिहू आधी हसत होती. मग शेजारी बघू लागली. शेजारी कुणीच नव्हतं, श्रावस्ती कितीतरी घरं पुढे गेली होती.

"पिहू, आता जरा विसावा," चटई गोड आवाजात म्हणाली.

पिहू हलेना. "मी लिंबू," ती म्हणाली. मग मोठ्याने, "मी लिंबू हाय!"

सगळ्या पोरांनी श्रावस्तीकडे पाहिलं. तिने एकदा दाराकडे, आईकडे पाहिलं. मग मान खाली घालून पुढची उडी मारली.

झेप वर्ग. सुनंदाबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. पिहूच्या नावापुढे चटईने पहिल्यांदाच शेरा लिहिला होता, पायाभरणी.

आठवडाभराने अंगणात लंगडीचा डाव मांडला होता. चटई नाही, तार नाही, नुसती माती. पिहू येऊन उभी राहिली. श्रावस्तीने तिला हाताने बाजूला केलं. "लिंबू-बिंबू काय न्हाई आता. जमत न्हाई त्यानं काठावर बसायचं."

एकाही पोराने श्रावस्तीला अडवलं नाही.

श्रावस्तीने गणित सोडवलं, ते तुमच्याकडे नोंदलेलं आहे. ही मातीतली गोष्ट कुठे नोंदली आहे? आकडे दाखवू नका, ते आम्हाला वाचता येतात. अंगणवाडीत या. पिहूपुढे खाली बसा आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगा, तिने काठावर का बसायचं? बोला. ती अजून तिथेच उभी आहे.