बुधवारचं मैदान

आईस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर पालथा घातलेल्या माणसाशी भांडताना चेहरा गंभीर ठेवणं किती अवघड असतं, हे मला ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी कळलं. डब्यावर मार्करने दोन मोठे डोळे काढले होते. इथे ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर म्हणजे वसंत, आणि वसंत आला की ब्रिस्बेनजवळच्या आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये मॅगपाय पक्षी घरट्याच्या काळजीने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळूवर झडप घालतात, आणि असे डोळे दिसले की म्हणे बिचकतात. पण त्या क्षणी मला कसलंच कौतुक नव्हतं. माझ्यामागे किटबॅगा घेतलेल्या तेरा मुली उभ्या होत्या, आणि समोर शाळेच्या मुख्य मैदानावर मुलांची क्रिकेट टीम आरामात सराव करत होती.

"एक्स्क्यूज मी, आज इथे मुलींची प्रॅक्टिस आहे," मी इंग्रजीत म्हणाले.

त्याने हातातला मैदानाच्या वेळापत्रकाचा कागद पाहिला. "सॉरी, रोस्टरवर तसं काही नाही."

"मग कधी आहे?"

त्याने पान उलटलं. पुन्हा उलटलं. "ॲक्च्युअली... कधीच नाही."

कधीच नाही! फेब्रुवारीपासून मी, गणिताची शिक्षिका, या मुलींची टीम उभी करत होते. कार पार्कच्या मागे एक काँक्रीटची पट्टी आहे, तिच्यावरचं हिरवं कार्पेट तीन ठिकाणी फाटलेलं. तिथे सराव करून या पोरी आमच्या झोनच्या आंतरशालेय स्पर्धेत सेमीफायनलला पोचल्या होत्या. सामना पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी, आमच्याच शाळेत. आणि झोनचा नियम असा की सेमीफायनल गवताच्या खऱ्या पिचवरच व्हायला हवी. यजमान शाळेने मैदान दिलं नाही, तर न खेळताच समोरची टीम फायनलला.

"कसला निर्लज्ज माणूस आहे," मी मराठीत पुटपुटले.

"निर्लज्ज नाही, नवीन आहे," डब्याखालून स्वच्छ मराठी आलं. "यतिन. स्पोर्ट्स कोऑर्डिनेटर. जुलैत आलो मेलबर्नहून. तू?"

"लगेच तू?"

"बरं... आपण?"

हसू येऊ नये म्हणून मी ओठ आवळले. "चित्रलेखा."

"एवढ्या लांब नावाने भांडता यायचं नाही. चित्रा चालेल?"

"नाही चालणार."

त्याने डबा काढला. केस घामाने चिकटलेले, आणि डोळे... असो. मी डोळे बघायला आले नव्हते.

नंतर कळलं ते असं. नवं रोस्टर करायचं म्हणजे मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या आणि सेव्ह करायची, ही आमच्या शाळेची परंपरा. मागच्या वर्षी मुलींची टीम नव्हती, म्हणून यंदाही नव्हती. यतिनने तेच केलं. कुणाचा वाईट हेतू नव्हता, आणि मला राग नेमका त्याचाच होता. वाईट हेतू असता तर निदान भांडायला कुणीतरी सापडलं असतं.

"मी बघतो," तो म्हणाला होता. "बघतो" म्हणणारे पुरुष मी भरपूर पाहिलेत.

पण दुसऱ्या दिवशी तो खरंच कार पार्कमागे आला. चिकटपट्टीची तीन रिळं घेऊन गुडघ्यांवर बसला आणि फाटकं कार्पेट चिकटवू लागला. मग हेल्मेट घालून बॅटिंगला उभा राहिला. आमची कॅप्टन श्रिया, अकरावीतली, हिने पहिल्याच बॉलवर त्याचा मधला स्टंप उडवला.

"वेल बोल्ड, मेट," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तू शिकवलंस?"

"मी फक्त कोन शिकवते. बाकी तिचं तिचं."

"मलाही शिकव की कोन."

"तुझा मुळातच वाकडा आहे."

तो हसला, आणि मी उगाचच किटबॅगेत बॉल मोजायला लागले.

शुक्रवारी दुपारी आकाश हिरवट झालं. ब्रिस्बेनकरांना सांगावं लागत नाही, असा रंग आला की गारा पडणार. मुली बसकडे पळाल्या. स्टंप गोळा करता करता आम्ही दोघे मागे राहिलो आणि सामानाच्या शेडमध्ये शिरलो. पत्र्यावर गारांचा असा ताशा सुरू झाला की बोलायचं तर कानाशीच यावं लागत होतं. ओल्या गवताचा वास, दारात उसळणाऱ्या पांढऱ्या गारा... आणि त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून बोटभर लांब.

"बुधवारी मैदान तुझं," तो माझ्या कानाशी म्हणाला.

"काय? ...कसं जमवलंस?"

"नो वरीज."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर हटवली नाही, मीही नाही. गारा थांबल्या तेव्हा दोघांनाही वाईट वाटलं, हे आज कबूल करते. शनिवार-रविवार मी घरभर गुणगुणत होते.

सोमवारी सकाळी श्रिया वर्गाबाहेर थांबली होती. तोंड एवढंसं.

"मिस, इज इट ट्रू? बॉइज आर सेइंग... वुई गॉट द ओव्हल बिकॉज मिस्टर यतिन लाइक्स यू."

मी विचारत गेले, ती सांगत गेली. यतिनने मुलांना गोळा करून म्हटलं होतं, "मिस चित्रलेखासाठी एवढं करा, बॉइज." मुलांनी शिट्ट्या मारल्या. आपला बुधवारचा मैत्रीपूर्ण सामना पुढे ढकलायला ती आनंदाने तयार झाली होती.

माझ्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. मी तडक त्याच्या ऑफिसात गेले.

"मैदान काय फुलांचा गुच्छ आहे, मला द्यायला?"

तो गोंधळून उभा राहिला. "चित्रलेखा, मला वाटलं तुला आनंद होईल..."

"माझ्या आनंदाचा काय संबंध? त्या पोरी सहा सामने जिंकून इथवर आल्यात. आणि त्यांना मैदान कशामुळे मिळालं, तर त्यांची टीचर कुणाला तरी आवडते म्हणून! उद्या मी नाही आवडले तर? परत कार पार्कमागे?"

"हे... हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"हो ना. रोस्टर करतानाही आलं नव्हतं."

त्याचा चेहरा उतरला. मला दिसलं, तरी मी थांबले नाही. "असलं मैदान मला नको."

"मग परवा मुली खेळणार कुठे?"

मी दार जोरात आपटून बाहेर पडले. बाहेर आल्यावर मात्र मनात आलं, माझ्या तोऱ्यापायी त्यांची सेमीफायनल तर नाही ना घालवली मी?

मंगळवारी सकाळच्या स्टाफ मीटिंगमध्ये यतिन उठला. माझ्याकडे एकदाही न बघता बोलायला लागला. मुलींची टीम रोस्टरवर नाही, ही चूक त्याची आहे. त्याने जुनी फाइल वाचून न पाहता कॉपी केली. नव्या रोस्टरमध्ये मैदान एक बुधवार मुलींचं, एक मुलांचं. उद्याची सेमीफायनल नियमानेच मैदानावर होते, त्यात कुणाचे उपकार नाहीत, आणि हे तो मुलांनाही सांगून आलाय.

डेप्युटी प्रिन्सिपल म्हणाले, नवं रोस्टर पुढच्या वर्षीपासून करू, घाई कशाला.

"पुढच्या वर्षी श्रियाची बारावी असेल," यतिन म्हणाला. "तिला मी काय सांगू? घाई नव्हती म्हणून?"

डेप्युटींनी लॅपटॉप मिटला. "फाइन. करा."

माझा राग जागेवरच होता. फक्त त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते जागचं हलायला तयार नव्हतं.

बुधवारी जॅकरंडाच्या फुलांच्या जांभळ्या सड्यापलीकडे आमच्या मुली पहिल्यांदा आपल्या शाळेच्या हिरव्या गवतावर उतरल्या. आमच्या झोनमध्ये एका टोकाला यजमान शाळेचा अंपायर असतो, दुसऱ्या टोकाला पाहुण्यांचा. टीमच्या कोचला अंपायर होता येत नाही, म्हणून आमच्याकडून यतिन उभा होता. पांढरी टोपी, चेहऱ्यावर रेघ नाही.

शेवटची जोडी मैदानात. तीन बॉल, चार रन हव्यात. श्रिया खेळतेय. बॉलरने यतिनच्या टोकाकडून धाव घेतली, बॉल खाली राहिला, श्रियाच्या पॅडवर आदळला. समोरच्या अकरा जणी अपील करत किंचाळल्या.

यतिनने एक श्वास घेतला. आणि बोट वर केलं.

पायचीत. संपलं.

मी सीमारेषेवरून तरातरा चालत सुटले. "आऊट? शेवटची जोडी असताना?"

"मधल्या स्टंपवर जात होता," तो हळूच म्हणाला.

मला कडाडून भांडायचं होतं. पंचाईत ही की मी त्याच्या बरोब्बर मागे, सीमेवर सरळ रेषेत उभी होते. मलाही दिसलं होतं. श्रिया डोळे पुसत आली. "इट वॉज आऊट, मिस. लीव्ह हिम," म्हणाली, त्याच्याशी हात मिळवला आणि ताठ मानेने मैत्रिणींकडे गेली.

"बोट उचलवत नव्हतं," यतिन म्हणाला. "मला वाटलं, आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही. पण तुझ्यासाठी नॉट आऊट दिलं असतं, तर..."

"तर खरंच कधी बोलले नसते."

"आणि आता?"

हरल्याचं दुःख होतं, राग होता, आणि या दोन्हींच्या वर चढून बसलेलं ते तिसरं काहीतरी होतं. मी त्याचं ते बोट मुठीत घट्ट धरलं.

"आता आवडतोस तू मला!" मी ओरडलेच.

"चित्रलेखा... हळू. सगळे बघतायत."

"बघू देत!"