जसंच्या तसं

प्रयोगशाळेतला मोठा फ्रीझर भर दुपारी बंद पडला. मेकॅनिक येईपर्यंत तिथल्या संशोधिकेने उंदरांच्या मेंदूच्या नमुन्यांच्या दोनशे नळ्या एकटीने शेजारच्या थंड खोलीत हलवल्या होत्या.

"मदतीला कुणी नव्हतं?" मेकॅनिकने विचारलं.

"होते. मी हाक मारली नाही."

"वाटलंच." त्याने फ्रीझरमागून डोकं बाहेर काढलं. "तुमच्या अंगातला हा स्वेटर कुणाचा? तुमच्यासारख्या दोघी मावतील त्यात."

"बाबांचा."

"मग ते बिचारे घरी कुडकुडत असतील!"

"ते... सहा महिन्यांपूर्वी गेले."

त्याने जीभ चावली. हातातला पाना पुसत राहिला — पाना स्वच्छच होता. मग हळूच विचारलं, "कसे होते?"

"नाही सांगणार."

नवा पार्ट यायला तीन दिवस लागले. पार्ट आला का, हे बघायला मेकॅनिक रोज येत होता. फोनवरही कळलं असतं. तिने तसं बोलून दाखवलं नाही... चहा मात्र दोन कप करू लागली.

"या नळ्यांत असतं तरी काय?"

"आठवण टिकते ती मेंदूच्या पेशींतल्या प्रथिनांमुळे, असा आमचा अंदाज आहे. पण आठवण काढली, की ती जराशी सैल होते. पुन्हा पक्की करायला पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात. आणि तेवढ्यात — तिच्यात फरक पडू शकतो."

"अच्छा! म्हणून बाबांचा विषय नको."

ती दचकली. आई बाबांबद्दल बोलू लागली की ती ताटावरून का उठते, हे आईलाही उमगलं नव्हतं.

"त्यांचं हसणं माझ्याकडे अजून जसंच्या तसं आहे. मला ते तसंच हवंय."

"शेवटचं कधी ऐकलंत? मनातल्या मनात?"

ती आठवू लागली, आणि कप विसळायला उठली.

पार्ट बसला. फ्रीझर घुमू लागला. त्याने बॅग उचलली आणि तिने ठरवलं, आता माघार नाही.

"बसा. सांगते. बाबा पन्नाशीत पोहायला शिकले. शिकवणारा त्यांच्याहून निम्म्या वयाचा, सारखा ओरडायचा. पहिल्यांदा पलीकडच्या काठाला पोचले, तेव्हा त्यांची टोपी... निळी होती. की पिवळी?"

तिने मुठी आवळल्या.

"टोपी राहू दे. इतके हसले, की नाकातोंडात पाणी गेलं, तरी हसणं थांबेना! आधी एक बारीक शिट्टी, मग घोडा खिंकाळावा तसं —"

तो खो-खो हसत सुटला. डोळे पुसता पुसता तीही हसली.

"आता बदललं असेल का ते?"

"बदललं, तर आज ऐकलेलं मी तुम्हाला परत सांगेन."

"आणि वीस वर्षांनी विचारलं तर?"

"विचारा की."

"त्यासाठी तुम्हाला जवळपास राहावं लागेल..."

"राहतो," तो म्हणाला, आणि बॅग खाली ठेवली.