काचेच्या नळीतला तीळ

सोल्लालच्या, म्हणजे कोरियन नववर्षाच्या सणाला घरी आले, तर आमच्या अंगणातल्या काचेच्या नळीला नाक लावून एक परका तरुण उभा. आईच्या कढईतला तांदळाचा पाक त्याच नळीतून पलीकडे गावाच्या सहकारी संस्थेत डबे भरायला जातो. पाकात एक काळा तीळ मधोमध सावकाश चालला होता, आणि हा घड्याळ धरून त्याच्यासोबत पावलं टाकत होता. भुवईवर वाफेचे थेंब, पापण्या लांब… मी उगाच जरा जास्तच पाहिलं.

घरात शिरले तर आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिच्याकडून कळलं, बाहेरचा तो संस्थेचा नवा इंजिनिअर, सोग्युन. भरसभेत म्हणाला होता, तिळाच्या वेगावरून जेवढा पाक पोचायला हवा, त्याच्या अर्धाच डब्यांत पोचतो. मधल्या तोटीची किल्ली आईकडे. चोर म्हणाला नव्हता — नुसतं तिच्याकडे पाहिलं होतं. आता कढई बंद करायचं घाटत होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. द्रव कसे वाहतात, मी विद्यापीठात हाच विषय शिकवते! तशीच बाहेर गेले, नळीचं झाकण उघडलं आणि पाकात या काठापासून त्या काठापर्यंत तिळांची सरळ ओळ सोडली.

मधला तीळ पुढे निघाला, शेजारचे रेंगाळले, काचेला टेकलेले तर झोपलेच जणू. ओळीची लांब जीभ झाली.

तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सरासरी वेग… मधल्याच्या अर्धा. म्हणजे पाक पुरता पोचत होता. शिकलो होतो मी हे. घाईत विसरलो."

"घाईत माणूस छत्री विसरतो. तुम्ही माझ्या आईची अब्रू विसरलात."

दुसऱ्या दिवशी त्याच सभेत, त्याच माणसांसमोर त्याने आईपुढे जमिनीला कपाळ टेकलं. "काकू, चूक माझी होती." माझं समाधान झालं नाही. दारोदार जाऊन सांगा म्हटलं. तो गेलासुद्धा, बर्फातून, एकेक दार वाजवत.

दुपारी कान लाल करून परतला, तर आईने त्याला सरळ माझ्यासमोर बसवलं. मिठाईसाठी आटवलेल्या पाकाचा गरम गोळा ओढून ओढून पांढरा करायला दोन माणसं लागतात. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. आई कढईकडे निघून गेली, मुद्दामच.

"अजून राग आहे, सोरिन?"

"आहे."

मी रागाने ओढलं. तो सरकत पुढे आला… गुडघ्याला गुडघा लागला. बोटं चिकट, गरम.

"मग सोडू का?"

"सोडून तर बघा," मी म्हटलं.