चौथी पट्टी

हे खरं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. मलाही आधी पटलं नव्हतं. पण जिने हे सांगितलं, ती कपात साखर किती घातली तेसुद्धा अंदाजाने सांगत नाही. ती माझी मावसबहीण. वयाने मोठी, म्हणून ताई.

आणि रात्र वगैरे नव्हती. साथीचं पहिलं वर्ष. भर दुपार, लख्ख ऊन. ताईच्या घराची मागची खोली, दाराला आतून कडी.

ताई साबणाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. नव्या मालाचा वास तपासणं हे तिचं काम. कागदाची अरुंद पट्टी अत्तरात बुडवायची, हवेत हलवायची, नाकाशी धरायची. आधी झटकन उडून जाणारा वास येतो, मग मधला. आणि सगळ्यात शेवटी तळाचा... चिवट, न जाणारा.

घरात तीन माणसं. ताई, भाऊजी आणि ताईचे सासरे. त्यांना सगळे बाबाच म्हणत. बाबांचा जन्म छापखान्यात कागद कापण्यात गेला होता. सूनबाईचं काम काय ते कळलं आणि त्यांनी एक खेळ काढला. ताई दार लावून वाचत बसली की दाराखालच्या फटीतून एक पट्टी आत सरकायची. कशाततरी बुडवलेली. ताईने आतून ओळखायचं. बरोबर असेल तर दारावर एकदा टकटक. चूक असेल तर दोनदा.

"व्हिनेगर!"

टक.

"ते कळलं हो. पण त्याच्या मागे अजून काहीतरी आहे... बुटाचं पॉलिश? शी, बाबा!"

टक. आणि बाहेर खो खो हसणं.

"नाकेश्वरी, तुझ्यापासून या घरात काही लपवायची सोय राहिली नाही बघ."

बाबांची पट्टी लांबूनही ओळखू यायची. कडा अगदी सरळ, आणि एक कोपरा तिरका छाटलेला. ती हातात धरायची बाजू. आणि बाबांचा हट्ट असा की खरं उत्तर आल्याशिवाय दारातून हलायचं नाही. चुलीवरचं करपलं तरी बेहत्तर.

साथ घरात कुणाच्या पावलांनी आली ते कधीच कळलं नाही. ताईला मात्र वाटत राहिलं, आपल्याच. ताप ताई आणि बाबा दोघांनाही आला, पण बाबांना धाप लागली. नखशिखांत झाकलेली दोन माणसं त्यांना न्यायला आली. ताई मागच्या खोलीच्या खिडकीतून बघत होती. गाडीत चढताना बाबांनी वर पाहिलं, आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवून भुवया उडवल्या. म्हणजे, ठीक आहे ना?

तिने मान डोलावली. खोटंच.

तिचं नाक गेलं होतं.

भात म्हणजे ओला कापूस. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. न्हाणीघरापर्यंत जायचं तर भिंत धरून जावं लागे, आणि परतल्यावर छातीत भाता चाललेला असे. पण ते सोसवत होतं. सोसवत नव्हतं ते हे, की तिला स्वतःच्या घामाचाही वास येत नव्हता. खोलीत आपण आहोत की नाही, इतकी साधी गोष्ट तिला पटेनाशी झाली होती.

दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. रोज दुपारी नर्सचा फोन यायचा. एकच शब्द... स्थिर. बाबा खरंच कसे आहेत, हे विचारायचं तरी कुणाला?

भाऊजींनी मग बाबांचा खेळ पुढे चालवला. नाकालाही व्यायाम लागतो, हे ताईनेच त्यांना शिकवलं होतं.

"आज तीन पट्ट्या आहेत," ते दाराबाहेरून म्हणाले. "पास झालीस तर आइसक्रीम."

"चव कुणाला कळणार आहे?"

"मला. तुझंही मीच खाणार."

पट्ट्या आत आल्या. वेड्यावाकड्या, कात्रीने कापलेल्या.

"बाबांनी या पाहिल्या ना, तर तुला घराबाहेर काढतील."

"काढू देत. आधी घरी तर येऊ देत त्यांना," भाऊजी म्हणाले. मग फोन घेऊन गच्चीवर गेले. घरात रेंज नव्हती. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज विरत गेला.

पहिली पट्टी... काही नाही.

दुसरी... काही नाही.

तिसरी तिने नाकाला चिकटवलीच. कोरा कागद.

ती उशीवर डोकं टेकते न टेकते, तोच फटीशी आवाज झाला. कागद सरकल्याचा.

चौथी पट्टी.

कडा अगदी सरळ. कोपरा तिरका छाटलेला.

भाऊजींनी परत येऊन बाबांच्या खणातून काढली असेल, ताईला वाटलं. तिने ती उचलली. आणि वास आला!

इतका तीव्र की डोळ्यांत पाणी आलं.

"स्पिरिट!" ती ओरडली. "अरे, येतोय! मला वास येतोय!"

टक.

बाहेर कुणी हसलं मात्र नाही.

तिने पट्टी हलवली. पुन्हा नाकाशी धरली. "रबर... ओलं रबर. कुणाच्यातरी श्वासाने ओलं झालेलं."

टक.

"कुठून आणलंस रे हे?"

तिने पट्टी आणखी एकदा हलवली.

स्पिरिट उडालं. रबर उडालं. आणि तळाचा वास वर आला...

थंड. सपाट. कोरा करकरीत. घडी पहिल्यांदाच उलगडलेल्या जाड प्लास्टिकचा.

ताईने तो तत्क्षणी ओळखला. त्या दिवसांत जाड प्लास्टिकमध्ये काय गुंडाळतात, ते सगळ्या जगाला ठाऊक झालं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

टक. टक.

"खरंच नाही ओळखता येत."

टक. टक.

या वेळी आवाज खालून आला. अगदी जमिनीलगत. कुणी आडवं पडल्या पडल्या वाजवावं, तसा.

"...बाबा?"

दारापलीकडे काहीतरी चुरचुरलं.

मग जिन्यावर धावती पावलं. भाऊजी. "अगं, बाबा स्थिर आहेत! नर्स म्हणाली, दोन घास जेवलेसुद्धा!"

"तू पट्ट्या किती टाकल्या होत्यास?"

"तीन. का?"

"दार कुणी वाजवलं?"

"मी गच्चीवर होतो ना. ताप चढलाय का तुला?"

"पुन्हा फोन लाव. नर्सला म्हणावं, आत जाऊन डोळ्यांनी बघून या. आत्ताच्या आत्ता."

तिचा आवाज ऐकून त्यांनी वाद घातला नाही. ते पुन्हा गच्चीवर गेले. कितीदा लावला, पण फोन लागेना.

दिवेलागणीला दवाखान्याचाच फोन आला. बाबा थोड्या वेळापूर्वी गेले म्हणून.

भाऊजी तसेच धावले. पण गेलेल्यांचं तोंड तिथे कुणालाच बघू देत नव्हते. लांबून एक गाडी दाखवली, आणि ती निघून गेली.

मागच्या वर्षी ताईने मला एक काचेची बरणी दाखवली, घट्ट बुचाची. आत ती पट्टी. मी हुंगली. मला काहीच आलं नाही. ताईने हुंगली आणि मान फिरवली. आता तिचं नाक बरंचसं परतलं आहे. पण तळाचा चिवट वासही कधीतरी उडतो. या पट्टीवरचा, ताई म्हणते, इतक्या वर्षांत उडालेला नाही.

"वासाची नस सावरताना भास होतात," ती म्हणाली. "पुष्कळांना झाले. मी ते वाचलंय, मला ते मान्यही आहे. पण भासाला कोपरा छाटता येतो का?"

"बाबा तुझा निरोप घ्यायला आले असतील," मी म्हणाले. "तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मनाला लागून राहिलं."

"दिलं ना उत्तर."

"कधी?"

"फोन आल्यावर हे दवाखान्यात गेले. घरात मी एकटी. मी दाराशी बसले आणि मोठ्याने म्हटलं, प्लास्टिक. बाहेरून एकदा वाजलं. बरोबर. वाटलं, सुटले बिचारे. म्हणून मी म्हटलं, कळलं बाबा, तुम्ही गेलात..."

बरणीचं बूच तिने पुन्हा घट्ट दाबलं.

"मग?"

"दोनदा वाजलं."

तिने बरणी बाजूला ठेवली.

"मी कशीबशी गच्चीवर जाऊन दवाखान्यात फोन लावला. किंचाळले, पुन्हा एकदा बघा, नीट बघा. तिकडची बाई समजुतीने म्हणाली, बाई, गाडी केव्हाच निघाली. तुम्ही आराम करा."

हे तिने भाऊजींना अजून सांगितलेलं नाही. त्यांना भुताखेतांचं वाचायची आवड नाही, म्हणूनच मी इथे लिहू शकते.

निघताना मी तिला म्हटलं, "ताई, तो भासच असेल गं."

"असेल," ती म्हणाली. "पण बाबांनी या खेळात कधी खोटं वाजवलं नव्हतं."