पहिल्या रांगेतला प्रश्न

मी व्यासपीठावरून दोन्ही हात हलवत बाबांना सांगत होते, 'खांबामागे बसू नका, पुढे या!' आणि दारातून नुकताच आत आलेला एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस… चक्क मलाच हात करत पुढे आला.

"मला बोलावलंत ना?"

"नाही हो. तुमच्या मागे माझे बाबा आहेत. त्यांना ऐकू येत नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. मग वळून बाबांकडे बघून हसला आणि मला म्हणाला, "म्हणजे आज कृष्णविवरांवर बोलणार मी, आणि ते यांना सांगणार तुम्ही. भागीदारच झालो की आपण!"

शनिवारच्या विज्ञान व्याख्यानांची मी दुभाषी. वक्ता बोलतो, मी शेजारी उभी राहून ते खुणांच्या भाषेत सांगते. पहिल्या रांगेत बाबा आणि त्यांची मित्रमंडळी असतात. आमच्या कामात पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. स्वतःचं मत घरी ठेवून यायचं.

बहुतेक वक्ते मला शोभेची कुंडी समजायचे. हा मात्र भाषणाआधी विचारायला आला, "कृष्णविवराला तुमच्यात खूण काय आहे?"

"आमच्या मंडळींत अजून ठरलेली नाही. आज ठरवू." मी पसरलेली बोटं हळूहळू मुठीत ओढून घेतली. "प्रकाश आत गेला… संपला."

तो माझ्या मुठीकडे बघतच राहिला. "मला हे सांगायला अख्खा फळा लागतो!"

"मग फळा कमी वापरा."

त्या संध्याकाळी पडद्यावर ताऱ्यांची चित्रं आली आणि कुणीतरी सभागृहातले दिवे घालवले. नेहमीचंच. अंधारात माझे हात कुणाला दिसणार? पहिली रांग मुकाट बसून राहिली. पण तो वाक्य अर्ध्यावर तोडून थांबला.

"दिवे लावा."

"सर, चित्रं फिकट दिसतील," मागून तंत्रज्ञ ओरडला.

"दिसू देत. पुढच्या लोकांना कळत नसेल तर मी बोलतोय कशाला?"

मी तेही खुणांनी सांगितलं. मला तो तेव्हाच आवडला, उगाच कशाला लपवू?

पुढची व्याख्यानं त्याचीच होती. उपग्रह, गुरुत्वलहरी, क्वांटम संगणक… दर वेळी तो 'खुणा ठरवायला' दुपारीच येऊन बसायचा. चहा गार व्हायचा आणि काम काही संपायचं नाही.

"गुरुत्वलहरींची परत दाखवा ना."

"आत्ताच तर दाखवली!"

"विद्यार्थी जरा मठ्ठ आहे."

"विद्यार्थ्यानं हातांकडे बघावं. माझ्या तोंडाकडे नाही."

"हो ना…" तो म्हणायचा, आणि तोंडाकडेच बघायचा.

बाबांनी तर त्याला खुणेतलं नावही देऊन टाकलं. डोक्याभोवती गरगर फिरवलेलं बोट, म्हणजे विस्कटलेले केस! असं नाव आमच्यात फक्त आपल्या माणसाला मिळतं.

आणि मग एक दिवस, माइकची वायर नको इतक्या काळजीनं गुंडाळत तो म्हणाला, "डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर काम मिळालंय. दोन वर्षं. शेवटचं व्याख्यान झालं की निघतो."

"छान," मी म्हटलं.

"हो… छानच."

दोघंही एकापेक्षा एक! घरी बाबांनी विचारलं, 'त्याला सांगितलंस?' मी त्यांना दटावलं, 'तुम्ही मध्ये पडू नका.' रात्रभर मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. तो असाच निघून गेला तर?

शेवटचं व्याख्यान संपलं, प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि बाबांनी हात वर केला. ते खुणा करत होते, मी माइकवर बोलत होते.

"दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती नुसतीच फिरत राहतात. पुढे काय होतं?"

"जवळ येतात. शेवटी एक होतात," तो म्हणाला. "त्याचा थरार साऱ्या विश्वात पसरतो."

बाबांनी समाधानानं मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला. 'बाबा, नको ना,' मी हळूच खूण केली. ते शांतपणे हसले. 'काही गाळायचं नाही.'

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं.

"माझी… माझी मुलगी… तुम्हाला आवडते का?"

एकच हास्याचा स्फोट झाला. तो मात्र हसला नाही.

"हो," तो बाबांकडे बघत म्हणाला. "मला ती खूप आवडते. पहिल्या दिवसापासून. तिच्या मनातलं कळत नाही, म्हणून विचारायचं धाडस होत नाही."

आणि हेही मीच सांगायचं होतं! 'मला ती खूप आवडते…' माझेच हात माझ्याच बाबांना सांगत होते. डोळे भरून आले, खुणा धूसर झाल्या. बाबांनी माझ्याकडे बोट केलं. 'आता तू.'

आता कुणाच्याही शब्दांचा आडोसा नव्हता. मी त्याच्याकडे वळले. ओठांनी आणि हातांनी, एकदमच सांगितलं, "मलाही तुम्ही आवडता. फार आवडता."

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "आणखी कुणाचा प्रश्न?"

"माझा आहे," तो व्यासपीठावरूनच म्हणाला. मग माइक बाजूला ठेवून माझ्याजवळ आला, अगदी जवळ, आणि हलकेच म्हणाला, "दोन वर्षांनी परत आलो की… लग्न करशील माझ्याशी?"

"हो," मी म्हटलं. "करीन."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी खुणा करायला साफ विसरले. पहिल्या रांगेत बाबा उभे राहून दोन्ही हातांनी विचारत होते, 'काय म्हणाला? अगं, काय म्हणाला तो?'