उजव्या बाजूची पट्टी

हात काढा आधी त्या पट्टीवरून. रागावू नका, तुम्ही या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे परीक्षक आहात, हात लावायचा तुमचा अधिकार आहे, मला ठाऊक आहे. पण उन्हात ती मऊ पडते. बसा त्या खुर्चीवर, थर्मासमध्ये कॉफी आहे. मागच्या टोकाला दहा बुडबुडे दिसले म्हणून तुम्ही गुण कापणार ना? खुशाल कापा. पण ते कसे आले तेवढं ऐकून मग कापा.

माझा नवरा मर्ल विशीत होता तेव्हा कारखान्यात या गाड्यांना पट्ट्या लावायचा. दिवसभर डाव्या बाजूला उभं राहायचं आणि येईल त्या गाडीला पुढच्या चाकापासून शेपटीपर्यंत विनाइलची, म्हणजे पातळ प्लास्टिकची काळी पट्टी चिकटवायची. घाईत ती शेपटीकडे पाव इंच खाली उतरायची, समोरच्या बाजूच्या गड्याचंही तेच. आज तुम्ही लोक तोच पाव इंच फूटपट्टी लावून शोधता आणि सापडला की ‘ओरिजिनल’ म्हणून माना डोलावता. मर्ल हसून लोटपोट व्हायचा. म्हणायचा, लोर्ना, आमच्या चुका मोजायला ही माणसं कॉलेजात गेली होती का गं.

ही नारिंगी गाडी त्यानं चाळीस वर्षांपूर्वी भंगारातून आणली. डावी बाजू शाबूत, पट्टीसकट. उजवी पार चेपलेली. आतला माणूस वाचला नव्हता, एवढंच भंगारवाला म्हणाला. मर्लनं इंजिनापासून सगळं केलं, पत्रा सरळ केला, रंग दिला, पण उजवी बाजू पट्टीविना उघडीच ठेवली. नव्यानं छापलेल्या नकला बाजारात ढीगभर मिळतात हो. पण हा हट्टाला पेटलेला. त्या काळातली मिळाली तरच लावीन, नाहीतर बाई अर्धी वेणी घालून फिरते तशी फिरू दे, म्हणायचा. फेब्रुवारीत गेला. जायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाला, मिळाली तर तूच लाव, आणि प्रदर्शनाच्या मैदानावर तूच चालवत ने. मी शब्द दिला.

आणि मे महिन्यात मिळाली! सॅगिनॉ शहराच्या पलीकडे एक गाड्यांचं जुनं दुकान बंद पडलं, त्यांचा माल लिलावात निघाला. मी गेले होते आरशाची काच बघायला. कोपऱ्यात पुठ्ठ्याची एक लांब नळी उभी होती, वर धुळीचा थर. पुसून मालाचा क्रमांक वाचला आणि परत एकदा वाचला. उजवी बाजू, काळी, आमच्याच वर्षाची. मागचा कागदसुद्धा कुणी सोललेला नाही. नळीवर तेलकट पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘ऑगस्ट एकाहत्तर. हॅन्ली. स्वतः घेऊन जाणार.’ कुणी मागवली असेल, आला नसेल न्यायला, मला त्याचं काय! घरी येईपर्यंत मी गाडीत एकटीच गात होते. छप्पन्न वर्षांची बाई, शेजारच्या ट्रकवाल्यानं बघून हॉर्न दिला.

आता तुम्हाला सांगायला नको, ही पट्टी एकट्यानं लागत नाही. एकानं पुढून कागद सोलत रबरी फळीनं दाबत यायचं आणि दुसऱ्यानं मागचं टोक अधांतरी धरायचं. पन्नास वर्षांचं विनाइल, एकदा चुकीचं चिकटलं की फाटलंच, दुसरी पट्टी जगात कुठं शोधू? शेजारचा व्हर्जिल एक वाजता येणार होता. व्हर्जिल म्हणजे दहाही बोटं अंगठेच, पण दुसरं होतं कोण?

जुलैतलं दुपारचं ऊन. गॅरेजचं दार सताड उघडं, लख्ख उजेड. पत्रा तापून अगदी हवा तसा झाला होता. साबणाचं पाणी मारलं, पुढचं टोक लावलं आणि मागचं खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवलं. एवढ्यात मागचं जाळीचं दार आपटलं. पावलं आली. खुर्चीवरचं टोक उचललं गेलं. मी मान वर केली नाही, नजर रेषेवर होती ना. म्हटलं, आलास का बाबा, ताण दे, ओढू नकोस.

काय सांगू तुम्हाला, काय धरलं होतं त्यानं! मी फळी एक वीत सरकवली की तो टोक तेवढंच उतरवायचा, सुरकुती नाही, झोळ नाही. गाडीच्या दारापर्यंत आले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हे व्हर्जिलचे हात नाहीत. तो शिंकला तरी पट्टी फाडेल. मग हे कुणाचे? वास येत होता... ओल्या गवताचा, चर असतो ना रस्त्याकडेचा, तसा. वर पाहायची छाती होईना. शेपटीजवळ मी अगदी हळू विचारलं,

“मर्ल...?”

माझ्या कानाच्या वर कुठून तरी आवाज आला, घसा बसल्यासारखा,

“थोडं खाली... माझी अशीच होती.”

पाव इंच! मर्लशिवाय कोण सांगणार मला पाव इंच? त्यानं हातानं लावलेल्या हजार पट्ट्या अशाच नव्हत्या का? मी रडत होते, हसत होते आणि हात चालूच होता. पाव इंच खाली घेतली, शेवटचा कागद निघाला, फळी फिरवली. मान वर केली तेव्हा समोर कुणी नव्हतं. जाळीचं दार हलत होतं.

साडेतीनला व्हर्जिल चेरीचा केक घेऊन उगवला, टायर बसला म्हणे दुकानातून येताना. पट्टी बघून जागीच उभा राहिला. विचारलं, एकटीनं लावलीस? मी म्हटलं, नवऱ्यानं धरली. तो बिचारा केक कापायला लागला. त्या रात्री मी इतकी शांत झोपले, तशी फेब्रुवारीपासून झोपले नव्हते.

सकाळी बुडबुडे दिसले. टोकाला, पट्टीच्या खाली, आतून. पाच इकडे, पाच तिकडे, कुणी बोटांची टोकं टेकवून धरावं तसे. टाचणीनं फोडले, हवा काढली, फळीनं दाबले. दुसऱ्या दिवशी परत तिथंच. मी कौतुकानं बोट फिरवत होते, मोजत होते... आणि दहावर येऊन थांबले. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये मर्लची दोन बोटं गेली होती, लग्नाच्याही आधी. मर्लची आठच होती.

धावत घरात गेले. गाडीबरोबर आलेलं हमीपत्राचं जुनं पुस्तक मर्लनं कपाटात ठेवलं होतं, मी कधी उघडलं नव्हतं. पहिला मालक, ड्वाइट हॅन्ली. मर्लनं पुढं चौकशी करून शेजारी लिहून ठेवलेलं, अपघात, सप्टेंबर एकाहत्तर, रस्त्याकडेच्या पाण्याच्या चरात. पट्टी मागवली ऑगस्टमध्ये. स्वतः घेऊन जाणार होता.

काढून टाकायची? कशी काढू? मर्लनं चाळीस वर्षं वाट बघितली तिची. आणि शब्द दिला होता ना, म्हणून आज आणली, मीच चालवत आणली. तुम्ही मघाशी हसलात, बाई सीटच्या टोकावर बसून गाडी हाकते म्हणून. आम्ही दोघंही बुटके, ते सीट कायम पुढच्या खाचेत असायचं. पट्टी लावल्यापासून ते पार मागं गेलंय, लांब पायांच्या माणसाला लागतं तेवढं, आणि दांडी ओढली तरी हलत नाही.

उशी का नाही घेतली पाठीला? घेतली होती हो. मैदानाच्या फाटकापाशी मागं रेलले होते मी, एकदाच.

उशी ओली झाली.